पाळण्याचा चौथा पाय

मित्रांनो, आज सकाळी भूमला आमच्या लाकूड कातणाऱ्यांच्या मंडळात जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात वाळलेल्या बाभळी कातायला आम्ही हे सहकारी मंडळ काढलं. तेव्हाच रीत ठरली: पाळण्याचे चार पाय चार जातींच्या माणसांनी कातायचे.

आज असाच एक पाळणा न्यायला बाळाची आजी आली. मी मोठ्या अभिमानानं कातणाऱ्यांची चारही नावं सांगितली.

"भीमराव म्हंजी बौद्धवाड्यातला? मग त्यो पाय बदलून द्या. बारशाला लोक नावं ठेवतेत."

मी भडकलो. अध्यक्षांनी हात धरला. "बापू, भाषण नको. गिऱ्हाईक जाईल."

भीमराव समोरच होते. म्हणाले, "द्या की बदलून. न्हाय तर तीन पायांवर झोपवा लेकराला."

सगळे हसले, आणि अध्यक्ष नवा पाय कातायला बसले.

दुष्काळात सगळ्यांना एकमेकांची गरज होती. मी त्या गरजेलाच समता समजलो.

भीमराव आपल्या पटाश्या उचलून निघाले. कुणी थांबवलं नाही. जन्मभर सभा गाजवलेला मी पाळण्याची पावती लिहीत बसलो.

तुमच्या गावात याहून वेगळं घडलं असतं का? खरं लिहा.