फॉर्मची मागची बाजू

मीटरबाई एकतीस वर्षं या शहरातली पाण्याची मीटरं वाचत होत्या. शहर म्हणजे तरी केवढं? या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाहून सर्दीचं औषध सुचवलं जायचं, एवढं. नदीकाठचं जुनं गाव, गिरणीमागची वस्ती आणि टेकडीवरची नवी कॉलनी असे त्याचे तीन भाग. तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: शहर बिघडलं ते उरलेल्या दोघांमुळे.

मीटर कुणी दिवाणखान्यात बसवत नाही. ते जिन्याखाली असतं, मोरीच्या मागे असतं, नाहीतर कपाटाआड. त्यामुळे पाहुण्यांना ज्या घरांचे सोफे दिसले, त्या घरांच्या बादल्या मीटरबाईंना दिसल्या. कुणाचा नवरा अडगळीच्या खोलीत गादी टाकून झोपतो, कुणाच्या बाटल्या मीटरच्या पेटीत लपवलेल्या असतात, सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आकड्याशिवाय काही लिहून घेतलं नाही, म्हणून लोक त्यांना दार उघडत राहिले.

निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांत घरातलं सगळं वाचून संपलं. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा, तोही आता घरीच. एकदा त्याने दिवसातला तिसरा चहा मागितला तेव्हा बाईंनी नुसतं भुवई वर करून पाहिलं. तो म्हणाला, "माझं रीडिंग घेणं बंद कर बघू."

त्याच आठवड्यात नगरपालिकेतून बोलावणं आलं.

तिथे नवे साहेब आले होते. मोठ्या शहरातून दोन वर्षांसाठी पाठवलेले, आणि बसायचे असे की जणू स्टॉपवर बस यायचीय. त्यांनी वीस प्रश्नांचा एक फॉर्म काढला होता: इथे राहणं तुम्हाला कसं वाटतं? उत्तराला पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आधी तो इंटरनेटवर टाकून झाला होता. अकरा उत्तरं आली, त्यातली चार एकाच माणसाची, आणि चारही शिव्यांची.

"तुम्हाला लोक दार उघडतात म्हणे," साहेब म्हणाले.

"दार उघडतात. तोंड उघडतील की नाही, ते सांगता येत नाही."

पहिल्या सकाळी बाई जुन्या गावातल्या सलूनवाल्याकडे गेल्या. त्याने त्यांना पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि आरशामागचं कपाट ओढायला लागला.

"अहो, मीटर नाही बघायचं."

"मग आलात कशाला?"

पण कपाट तर सरकलं होतं. ते परत ढकलायचा दोघांनाही कंटाळा आला, म्हणून तिथेच उकिडवं बसून फॉर्म भरला गेला. पुढच्या चार घरांतही तेच. बाई बेल वाजवायच्या आणि घरातला माणूस सरळ जिन्याखाली चालू लागायचा. संध्याकाळपर्यंत बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. बाहेरच्या खोलीत विचारलं की लोक म्हणतात, "छान आहे, काही तक्रार नाही," आणि हसऱ्या चेहऱ्यावर खूण करून मोकळे होतात. मीटरपाशी बसलं की खरं बोलतात. दुसऱ्या दिवसापासून त्या दारातूनच म्हणू लागल्या, "चला, मीटरपाशी बसू."

खरं बोलणं पाच चेहऱ्यांत मावेना. म्हणून बाईंनी पुढे खूण करायची आणि मागच्या कोऱ्या बाजूला जसंच्या तसं लिहून घ्यायचं, असं सुरू केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या आकड्यापलीकडे काही लिहीत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची चटक लागली.

शेवटच्या दिवशी त्या घड्याळवालीकडे गेल्या. ही नदीकाठी राहायची. घड्याळं दुरुस्त करणारा तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता, आता दुकान तीच चालवत होती.

"कुठला चेहरा लावू, वहिनी?" बाईंनी विचारलं.

घड्याळवालीने मीटरच्या काट्याकडे पाहिलं. "हे गेले सकाळी सव्वाअकराला, दुकानातच. साडेअकराला माझ्या घरात चाळीस माणसं होती. मला रडायला माझ्याच घरात जागा नव्हती. म्हणून इथे, या मीटरपाशी येऊन बसले. तर इथेही दोघीजणी मागोमाग आल्या पाठीवरून हात फिरवायला. आणि ती माणसं नसती, तर मी तिथून उठलेच नसते, ताई. आता यातला कुठला चेहरा, तुम्हीच सांगा."

बाईंनी कुठलाच लावला नाही. मागे सगळं लिहून घेतलं.

दोनशे चौदा फॉर्म भरले. साहेबांनी पुढची बाजू कॉम्प्युटरात घातली आणि रविवारी सकाळी सभागृहात लोकांना बोलावलं. पडद्यावर मोठा आकडा आला: समाधान, तीन पूर्णांक दोन दशांश.

गणिताचे निवृत्त सर उठून उभे राहिले. "तीन पूर्णांक दोन दशांश चेहरा कसा दिसतो, तो फळ्यावर काढून दाखवा."

सभागृह हसलं. साहेबांनी कपाळ पुसलं. "लोकांची मतं मागच्या बाजूला आहेत. पण ती मोजता येत नाहीत."

"मग मोजू नका. वाचा."

अक्षर बाईंशिवाय कुणाला लागेना, म्हणून गठ्ठा बाईंच्याच हातात आला. बाईंनी विचार केला, नावं नाहीतच, कुणाचं काय बिघडणार? एवढ्याशा शहरात ज्याचं त्याचं बोलणं म्हणजेच त्याचं नाव, हे एकतीस वर्षं तिथेच फिरलेल्या बाईला त्या वेळी सुचलं नाही.

"टेकडीवरची माणसं केस कापायला मोठ्या शहरात जातात, आणि मानेवरची लव काढायला माझ्याकडे येतात." टेकडीवरच्या सोळा जणांचे हात आपापल्या मानेवर गेले. सलूनवाला खुर्चीत शक्य तेवढा खाली सरकला.

"माझे निम्मे विद्यार्थी हे शहर सोडून गेले. उरलेले नगरसेवक झाले." सरांनी तोंड वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"इथून निघून जायचं बावीस वर्षं चाललंय. दर वेळी नेमका त्याच आठवड्यात नळ दुरुस्त होतो." गिरणीमागच्या वस्तीतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"इथे शांतता आहे असं सगळे म्हणतात. दुपारी चारनंतर ती इतकी वाढते की मी फ्रीजशी बोलते." हसू आलं आणि मध्येच थांबलं. टेकडीवरची दाताच्या डॉक्टरांची बायको पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

तेव्हा कुठे बाईंना कळलं, आपण काय करतोय ते. पुढचा कागद घड्याळवालीचा होता. तो त्यांनी दुमडून पर्समध्ये टाकला आणि घसा बसल्याचं सांगून खाली बसल्या.

साहेबांनी तीन पूर्णांक दोन वरती पाठवून दिलं. वरचे खूश झाले.

शहरात मात्र बाईंना दोन आठवडे कुणी धड ओळख दाखवली नाही. त्या माफी मागायला सलूनवाल्याकडे गेल्या, तर आत रांग. टेकडीवरचे सोळाच्या सोळा आपण तसे नाही हे दाखवायला डोकी घेऊन आले होते. "उसंत नाही बघा," तो म्हणाला. "पण म्हणून तुम्ही बरोबर केलंत असं नाही." डॉक्टरांच्या बायकोकडे रोज चारला बायका टेकडी चढून जायला लागल्या. शेवटी तिचा बाईंना फोन आला. "ताई, त्यांना एवढं सांगा, आठवड्यातले तीन दिवस तरी फ्रीजला द्या म्हणावं."

घड्याळवाली तेवढी गप्प होती. उपकार मानतेय पण लाजतेय, असं बाईंना वाटलं, आणि त्या मोठ्या मनाने तिच्या दुकानात गेल्या. तिने डोळ्यावरचं भिंग काढलंसुद्धा नाही.

"माझंच का नाही वाचलंत?"

बाई गडबडल्या. "ते तुमचं आतलं होतं, वहिनी. चारचौघांत..."

"चारचौघांत म्हणूनच. ती चाळीसही माणसं तिथे बसली होती. मी पहिल्या रांगेत येऊन बसले, आता एकदाचं कानावर जाईल म्हणून. मला समोरासमोर सांगता आलं असतं, तर मीटरला कशाला सांगितलं असतं?"

दुमडलेला कागद बाईंच्या पर्समध्येच होता. त्यांनी तो काढून काउंटरवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवालीने तो स्वतः नगरपालिकेच्या फलकावर टाचला, पाणी बंद राहणार असल्याच्या दोन सूचनांच्या मधे. खाली स्वतःचं नाव, पत्ता आणि एक ओळ: घरी येण्याआधी विचारावं. पाण्याची सूचना वाचायला अख्खं शहर येतं, त्यामुळे हेही सगळ्यांनी वाचलं.

दोन दिवस तिच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. दोन्ही दुपारी पलंगावर आडवी होऊन आपण मनसोक्त रडलो, असं तिने बाईंना नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सलूनवाला मनगटावरचं घड्याळ काढत दुकानात आला. "मागे पडतंय," म्हणाला. मग इकडेतिकडे बघत, "संध्याकाळी घरी येऊ का? ही विचारत होती."

"आज नको. गुरुवारी या."

"बरं, गुरुवारी," असं म्हणून तो गेला. तिने त्याचं घड्याळ उघडून पाहिलं. चांगलं वेळेवर चाललं होतं.