बरणीतलं पिलू

पडेगावला राहायला गेलो त्या पावसाळ्यात अंगणातल्या टाकीत काळी, शेपटीवाली पिलं वळवळू लागली. टँकरवाल्यानं घाण पाणी ओतलं असा सासूबाईंना संशय आला. मी म्हटलं, "आई, बेडकाची पिलं आहेत. पाय फुटतील, शेपटी जाईल."

"जाती कुठं?"

"अंगातच जिरते."

त्यांना ते पटलं नाही. एक पिलू त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतलं, आत शेवाळ आणि उंच दगड ठेवला, आणि बरणी आपल्या खाटेजवळ आणली. पिलाला मागचे पाय आले, मग पुढचे. शेपटी आखूड होत गेली तसा त्यांचा माझ्यावरचा संशय वाढला. "माझा डोळा लागला की तूच पिलू बदलतीस," असं म्हणून त्यांनी बरणीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलं.

एका सकाळी दगडावर बिनशेपटीचा इवलासा बेडूक बसला होता. फडक्याची गाठ तशीच होती. सासूबाईंनी पाणी गाळून शेपटी शोधली, मग माझ्याकडं रोखून पाहिलं.

"गाठ माझीच हाय," त्या म्हणाल्या, "पण हा तोच कशावरून?"

तरी पपईखालच्या ओल्या मातीत त्यांनीच त्याला सोडलं. तो दिसेनासा झाल्यावर मला हळूच विचारलं, "किडेमुंग्या मिळतील ना गं त्याला?"