सोयाबीनच्या पोत्यांतला ग्रंज

आमच्या बँडची गाणी मोजकी, किस्से मात्र ढीगभर. गाणं बसवायला तालीम लागते. किश्शाला शिवा गिटार घेऊन घराबाहेर पडला तरी पुरतं.

बँडमध्ये आम्ही तिघं. शिवा गिटार वाजवतो आणि गातो, इरफान ड्रमवर, मी बेसवर. आम्ही ग्रंज वाजवतो. म्हणजे गिटारचा आवाज गोड ठेवायचा नाही, फाडायचा, आणि आत साचलेलं सगळं बाहेर काढल्यासारखं गायचं. परभणीत हे समजावून सांगायला वेळ लागतो. शिवाच्या वडिलांचं, आप्पांचं, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. शिवानं नवी गिटार मोठ्या हौसेनं त्यांना वाजवून दाखवली. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "नवं हाय ना? मग दुकानदार बदलून देईल की."

*

सोनपेठला कार्यक्रम होता. एसटी खचाखच भरलेली. शिवा गिटार छातीशी धरून उभा, ब्रेक लागला की गिटारसकट लोकांच्या अंगावर. खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या बाबांना ते बघवेना. "दे इकडं," म्हणाले आणि गिटार मांडीवर आडवी घेतली.

पुढचा सगळा रस्ता बाबांचा एक हात गिटारच्या पिशवीवर. खड्डा आला की दुसराही. सोनपेठला उतरताना त्यांनी ती शिवाच्या हातात दिली. "लय गुणी हाय. रस्त्यानं आवाजच न्हाई केला."

"बाबा, स्टेजवर लय आरडतंय."

"आरडू दे की. लेकरू हाय."

*

आमचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्याच्या स्पीकरचा कागदी पडदा थोडा फाटलेला होता, त्यामुळं अशी सुंदर खरखर यायची की शिवा त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही. एकदा त्याची वायर ढिली झाली म्हणून इरफानच्या चच्चांकडं, गफारभाईंकडं दिला. ते रेडिओ, मिक्सर, सगळं दुरुस्त करतात.

परत आणायला गेलो तर आवाज असा स्वच्छ, की बातम्या वाचाव्यात. गफारभाई खुशीत होते. "पर्दा फट गया था बेटा, नया डाल दिया. बच्चे अच्छा बजारे, पर्दा मेरी तरफ से."

शिवाचा चेहरा उतरला. एवढ्या प्रेमानं केलेल्या कामाला नाव कसं ठेवायचं? शेवटी इरफानच हळूच म्हणाला, "चच्चा, इसकू फटा हुवाच होना."

गफारभाईंनी एकदा इरफानकडं पाहिलं, एकदा शिवाकडं. मग ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि शांतपणे विचारलं, "किधर से फाडूं?"

*

शिवाकडं दोन पेडल आहेत. पेडल म्हणजे पायाखाली ठेवायची चपटी डबी; बटण दाबलं की गिटारचा आवाज बदलतो. एक डबी आवाज फाडते, दुसरी त्याचा प्रतिध्वनी काढते.

ताडकळसला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. ऐन वेळी माइकवाल्याची मशीन जळाली. आम्ही संध्याकाळच्या वरातीसाठी सामान नेलंच होतं, तेव्हा शिवानं माइक आपल्याच अँपला जोडून दिला. प्रतिध्वनीची डबी मधे चालू राहिली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाहुणे वाढले होते. नवरदेवाच्या मामांनी माइक घेतला. "मंडळी, गडबड करू नका. जेवण कमी पडायचं न्हाई."

मांडवभर घुमलं, "पडायचं न्हाई... न्हाई... न्हाई..."

मागच्या कोपऱ्यातल्यांना ऐकू आलं ते एवढंच, की जेवण, आणि मग न्हाई, न्हाई, न्हाई. सगळी रांगच्या रांग उठून पंगतीकडं निघाली. मामा घाबरले आणि जीव खाऊन ओरडले, "बसा!"

"बसा... बसा... बसा..."

अख्खा मांडव जिथल्या तिथं खाली बसला. नवरदेव हार घालायला उभा होता, तोही बसला.

*

आमची तालीम आप्पांच्या गोदामात, दुपारी. छताच्या टिनापर्यंत सोयाबीनची पोती रचलेली असली की तिथला आवाज काय विचारता. पोती सगळा घुमारा पिऊन टाकतात, गिटार थेट छातीत येते. कॉलेजचा कार्यक्रम तोंडावर आला आणि आप्पांनी माल काढायचं ठरवलं. दुकानाकडं कधी न फिरकणारा शिवा धावत गेला. "आप्पा, अजून थोडं दिवस पोती राहू द्या की."

आप्पांनी मान वर केली. "का रे? भाव चढायलाय म्हनतो?"

शिवा घाईनं म्हणाला, "हं."

आणि भाव चढला. त्यानंतर आप्पा मोंढ्यात ज्याला त्याला सांगू लागले, पोराला बाजार कळायलाय. एकदा त्यांनी विचारलं, "शिवा, तुरीचं काय करावं?" शिवा गोदामात गेला, मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "ठेवा."

*

शिवाची डिग्री झाली. आप्पा एवढंच म्हणाले, "गोदाम मोकळं कर. आता गादीवर बस." शिवा आप्पांना उलटून बोलत नाही. मला म्हणाला, "सामान तू घेऊन जा. मला न्हाई बघवणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेम्पो घेऊन गेलो. गोदामाचं दार उघडं. आत आप्पा एकटेच उभे. शिवाची गिटार त्यांच्या गळ्यात, पट्टा धोतराच्या निऱ्यांपर्यंत लोंबलेला. अँपचा दिवा लागलेला. पेडलकडं पायानं खूण करून त्यांनी मला विचारलं, "हे दाबल्यावर काय होतं?"

"आवाज फाटतो, आप्पा."

त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, अंगठ्यानं बटण दाबलं आणि सगळ्यात जाड तारेवर एकदाच हात मारला. टिन थरथरलं. वरची कबुतरं फडफडत बाहेर गेली. आप्पा डोळे मिटून तसेच उभे.

टेम्पोवाला दारात आला. "आप्पा, सामान उचलायचं ना?"

आप्पांनी डोळे न उघडता हात वर केला. "थांब. आवाज संपला न्हाई अजून."