सपाट हाताचे मिस्त्री

फरशी बसवण्यात मिस्त्रींचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि हे सांगायला त्यांना दुसरं माणूसही लागत नसे. ते स्वतःच सांगत. बाथरूमची फरशी पक्की झाली की बादलीभर पाणी ओतायचं, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि पाणी मुकाट जाळीकडे निघालं की घरमालकाकडे बघायचं, ही त्यांची जुनी खोड. "बघा, वाट विचारली का त्यानं कुणाला?" हा ठरलेला प्रश्न. पस्तीस वर्षांत पाण्यानं एकदाही वाट विचारली नव्हती.

अशा माणसाला वीतभर काचेनं घाम फोडला.

झालं असं, की साइटवर नव्या इंजिनियर मॅडम आल्या. वयानं मिस्त्रींच्या थोरल्या मुलीएवढ्या, बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी जाहीर केलं, येत्या सोमवारपासून कागदी नकाशे बंद. नकाशा फोनवर येणार. ज्याला तो नीट बघता येईल त्याच्याकडे बाथरूम, बाकीच्यांनी भिंतीकडेच्या पट्ट्या लावायच्या. मिस्त्रींना पट्ट्या लावायला सांगणं म्हणजे मुख्य आचाऱ्याला कांदे चिरायला बसवणं. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन अर्धं ताट तसंच ठेवलं.

नकाशा त्यांना वाचता येत होता. डोळेही ठणठणीत होते. घोडं अडलं होतं बोटांपाशी. इतकी वर्षं सिमेंटमध्ये घालवून बोटांची कातडी अशी जाड आणि कोरडी झाली होती, की फोनची काच तिला ओळखच दाखवत नव्हती. फोन आला तर चार-पाचदा बोट घासून उचलता तरी येई. पण नकाशा म्हणजे केवढा पसारा. तो मोठा करून इकडून तिकडे सरकवल्याशिवाय आकडे दिसत नाहीत. मिस्त्री बोट ओढत आणि नकाशा ढिम्म हलत नसे. शेवटी त्यांनी एक शोध लावला. नाकाची कातडी मऊ असते. मग भिंतीकडे तोंड करून ते नाकानं नकाशा सरकवू लागले.

एका दुपारी मॅडमनी ते पाहिलं. "मिस्त्री, फोन इतका जवळ धरता? डोळे तपासून घ्या."

इथं खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण नाही. दुसऱ्या दिवशी स्वारी चष्मा लावून हजर. थोरल्या भावाचा जुना चष्मा, ज्यातून समोरचा एक जिना दोन दिसत होता. डोळे बिघडले तर चष्मा मिळतो. बोटंच गेली तर मिस्त्री कसला उरला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

चष्मा बायकोच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. "दादांचा चष्मा तुमच्या नाकावर काय करतोय?" तिनं विचारलं, आणि मग सगळं बाहेर आलं, नाकासकट. ती हसली नाही. तिनं सरळ भाचीला फोन लावला. ही मिस्त्रींच्या बहिणीची मुलगी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी. दुकान सुटल्यावर ती थेट घरीच आली.

"एवढंच ना, मामा," भाची म्हणाली. "बोट लावायचंच नाही. हे चालू केलं की नकाशा मोठाच उघडतो आणि फोन जिकडे कलवाल तिकडे सरकतो. सपाट धरला की थांबतो."

तिच्या हातात नकाशा खरंच इकडून तिकडे पळू लागला. मिस्त्रींच्या हातात गेला आणि गप्प बसला.

"कलवा ना, मामा."

"कलवतोच आहे की."

ते हात लांब करून अख्खा फोन उजवीकडे नेत, मग डावीकडे, मग डोक्यावर. पण फोन आपला सपाटच्या सपाट. शुक्रवारची संध्याकाळ गेली, शनिवारची गेली. भाचीनं फोन उघडून आत पाहिलं, पुन्हा बंद केला आणि हात टेकले. "आतलंच काहीतरी बिघडलंय." मिस्त्री खुर्चीत बसून आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. सोमवार उद्याचा दिवस सोडून होता.

बायको मटार सोलत होती. "फोनला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "यांच्या हातात कधी काही तिरकं झालंय का? ओल्या सिमेंटवर फरशी टेकवणारा हात तो." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, फोन कलवू नका. बाथरूमला देता तसा उतार द्या. जाळी उजव्या कोपऱ्यात आहे."

मिस्त्रींनी मनगट नखभर खाली सोडलं. नकाशा निघाला.

"आता जाळी डावीकडे." नकाशा वळला. "आता दाराशी." तिथंही गेला. सपाट म्हटल्यावर जागच्या जागी उभा राहिला. भाचीनं कपाळावर हात मारून घेतला. मिस्त्रींच्या जिवात जीव आला तो असा, की त्यांना आधी फोन खाली ठेवावा लागला.

"मला वाटलं, हात संपले माझे," ते म्हणाले.

"संपले असते तर कलला असता फोन पहिल्याच दिवशी," बायको म्हणाली आणि पुन्हा मटारकडे वळली.

सोमवारी मॅडमनी तिसऱ्या मजल्याचा नकाशा उघडायला सांगितला. मिस्त्रींनी उतार दिला, पाइप शोधला, नाकावरच्या चष्म्याच्या वरून बघत जाळीचं अंतर वाचून दाखवलं. मॅडम मात्र नकाशाकडे बघत नव्हत्या. त्या हाताकडे बघत होत्या.

"मिस्त्री, नकाशा आपोआप हलतोय. हात थरथरतो का तुमचा?"

पूर्वीचे मिस्त्री असते तर या प्रश्नावर आणखी एखादी वस्तू भावाकडून मागून आणली असती. पण आज त्यांनी सांगून टाकलं. "थरथरत नाही, मॅडम. मीच उतार देतोय. माझी बोटं काचेला कळत नाहीत. तेव्हा नाक लावत होतो, ते त्यासाठी." आणि त्यांनी फोन उघड्या तळव्यावर ठेवला.

नकाशा उभा राहिला. वरच्या मजल्यावर कुणीतरी ठोकायला लागलं, तरी एक रेघ हलली नाही. मॅडमनी बराच वेळ पाहिलं. मग फोन आपल्या तळव्यावर घेतला. नकाशा हळूहळू जिन्याकडे निघाला. त्यांनी दोन्ही हात लावले, श्वास रोखला. तरी तो निघालाच. मिस्त्री अदबीनं दुसरीकडे बघू लागले.

"तिसऱ्या मजल्यावरची सगळी बाथरूमं तुमची," फोन परत देत मॅडम म्हणाल्या. "आणि हा चष्मा?"

"भावाचा आहे. संध्याकाळी देऊन टाकतो."

त्यांनी तो काढून खिशात ठेवला, थापी उचलली आणि वर निघाले. जिना एकच होता.