भूत पकडणाऱ्या दोघांची लग्नं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉमिक्स भाड्याने देणारं एक दुकान होतं. तिथल्या भुताच्या हिंदी कॉमिक्सना शेवटचं पान असलं तर नशीब. रहस्य उलगडायच्या बेताला यायचं आणि समोर नुसता पुठ्ठा. आमचं त्यावाचून काही अडत नसे, कारण शेवट आई लावायची. घरात आम्ही दोघंच. ती शेंगा फोडत बसायची, मी हिंदीचं मराठी करून वाचून दाखवायचो. कॉलेजात गेलो तरी हा उद्योग सुटला नाही.

आमची लाडकी मालिका दोन भूतशोधकांची. एक मिशीवाला, एक कुरळ्या केसांचा. दोघं एकाच घरात राहायचे. हडळीनं एकाला धरलं की दुसरा जीव खाऊन धावायचा आणि सुटका झाली की गळ्यात पडून रडारड. मला मुलं आवडतात हे मला तेव्हा चांगलंच कळलेलं होतं. त्या कॉमिक्समध्ये हडळ, मुंजा, खवीस, सगळ्यांची सोय होती. दोन पुरुषांच्या प्रेमाचा शब्द काढायला मात्र लेखक भुतांपेक्षा जास्त घाबरायचा. मी आपला त्या मिठ्यांवर भागवायचो.

आईचा शेवट ठरलेला. भूत बाटलीत आणि दोघांची लग्नं एकाच मांडवात. नवऱ्या आल्या कुठून, त्यांना हे भुतांचं खूळ चालणार का, याची तिला फिकीर नसे. मी कुरकुरलो की म्हणायची, "मग काय जन्मभर एकमेकांची तोंडं बघत बसू द्यात व्हय?"

पुढे मला नोकरी लागली आणि माझ्याच मांडवाच्या गोष्टी निघाल्या. मलकापूरचं स्थळ आलं. तोवर कागलचा एक जण माझ्या आयुष्यात आला होता. घरी तो मित्र म्हणून दर रविवारी जेवायला यायचा.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी मी एक जुनं कॉमिक घेऊन आईसमोर बसलो. म्हटलं, आज शेवट मी लावतो.

"भूत गेलं. दोघं घरी आले. लग्न कुणी केलं नाही. ते एकमेकांचेच होते, आई. पहिल्यापासून."

आई शेंगा फोडत राहिली. म्हणाली, "सैपाक येतोय का त्यांस्नी?"

"एकाला येतो."

"व्हय, तुला तर न्हाईच येत."

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. म्हणजे तिला कळलं होतं. पण पुढे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मलकापूरची मंडळी आली. आईनं पोहे दिले, चहा दिला, ऊस कसा काय म्हणून चौकशी केली. मग म्हणाली, "राग मानू नका पावणं. आमच्या पोराचं जमलंय."

"असं व्हय? कुठलं स्थळ?"

"कागलचं. दर रविवारी आमच्यातच जेवाय असतंय."

लग्नाआधीच? हा प्रश्न पाहुण्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. आई त्यांच्या कपात आणखी चहा ओतत होती. मी आत गेलो आणि मोठ्यानं रडलो.