अर्धी दाढी

सलूनवाले काका मुळात शांत माणूस. पण ठरावाच्या पहिल्या सभेपासून राग त्यांच्या नाकावरच बसलेला. का नसावा? मागच्या उन्हाळ्यात त्यांचा थोरला भाऊ याच दुकानात गिऱ्हाइकाचे केस कापता कापता कोसळला, तो उठलाच नाही. उष्माघात. वर तापलेला पत्रा, दारात दिवसभर गाड्यांचा धूर. बाजाररस्त्यावर पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करून बस आणि झाडं आणायचा ठराव निघाला, तेव्हा काकांना वाटलं, उशिरा का होईना, कुणाला तरी जाग आली.

खुर्चीत टेकणारा जो तो म्हणायचा, मला पटतं हो, पण लोक ऐकायचे नाहीत. लोक म्हणे! लोक काय आभाळातून पडतात? धान्यवाला तेच म्हणाला, मास्तर तेच म्हणाले, टेम्पोवालासुद्धा दबक्या आवाजात तेच म्हणाला. आणि त्या पहिल्या सभेत हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. एक हात वर होईल तर शपथ. आता आज संध्याकाळी शेवटची सभा होती. आजही तेच झालं तर ठराव कायमचा बासनात.

सकाळी मास्तर दाढीला आले; धान्यवाला आणि टेम्पोवाला बाकावर वाट बघत बसले होते. एक गाल साफ झाला आणि त्यांनी तेच पालुपद लावलं. काकांनी वस्तरा खाली ठेवला.

"लोक म्हणजे कोण, मास्तर? हे बाकावर बसलेत ते?" मग ते बाकाकडे वळले. "बोला, कोणाला नकोय ठराव?"

टेम्पोवाला पुटपुटला की आपल्याला हवाय, पण बाकीच्यांना नको असेल असं वाटलं. धान्यवाल्यालाही नेमकं तेच वाटलं होतं. मग तर काकांचा पारा चढलाच. मेंढरं बरी, निदान एक तरी पुढे चालतं, असं ते तोंडावर म्हणाले. भाऊ गेला तेव्हा खांदा द्यायला आलात, मग एक हात उचलायला काय धाड भरली होती, असंही विचारलं.

मास्तरांनी अर्ध्या फेसातून आरशात त्यांच्याकडे पाहिलं. "आणि काका, तुमचा हात कुठे होता?"

गिऱ्हाइकं तुटतील ही भीती काकांनी घरातसुद्धा बोलून दाखवली नव्हती.

"मांडीखाली," ते म्हणाले. "दाबून धरला होता."

त्यांनी वस्तरा उचलला, पण दुसऱ्या गालाला लावायचा त्यांना धीर झाला नाही; तो मिटून त्यांनी परत खाली ठेवला.