मिठागरावरचा वळीव

सांगलीहून निघालेली एसटी दहिसरचा नाका ओलांडून पुढे आली, तेव्हा सकाळचे आठच वाजले होते. पण खिडकीतून येणारा वारा अंगाला चिकटत होता. माझी धाकटी बहीण सुनंदा आणि तिचे यजमान वसंतराव गिरगाव सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आले, त्याला चार वर्षं झाली होती. मी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा कुठे त्यांचं घर पाहायला सवड मिळाली.

घर चौथ्या मजल्यावर. खाली उतरलं की सुनंदा भाजीवाल्याशी हिंदीत बोलायची, वाण्याशी मोडक्या गुजरातीत. गॅलरीतून पाहिलं तर इमारतींच्या मागे इमारती. पण दूर एका फटीत जमीन पांढरीशुभ्र चकाकत होती.

"ते मिठागर, ताई," वसंतराव म्हणाले. "माझ्याबरोबर कामाला असतो ना सुरेश, त्याचे आईवडील अजून मीठ काढतात तिथे. खारी गावातले. उद्या जाऊ या."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज वाचून दाखवला. उत्तरेकडून थंड हवा सरकत येत होती. किनाऱ्यावर दोन दिवस सोसाट्याचा वारा आणि विजांसह वळवाच्या सरी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. छत्री घेतली, ती उन्हासाठी. सुनंदा घरीच राहिली.

रिक्षावाल्यानं डांबरी रस्ता संपला तिथेच सोडलं. पुढे खाजण (भरतीचं खारं पाणी चढतं ती दलदलीची जमीन) आणि त्यातून जाणारा मातीचा बांध. माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. दुसरी हातात घेऊन अनवाणी पोहोचले, तेव्हा सुरेशची आई हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होती. साठीची, काटक बाई. तिनं स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"मना सवय हाय," ती म्हणाली.

सुरेशचे वडील दामूभाऊ मिठाच्या राशी दाखवत हिंडले. गुडघ्यांपर्यंत पाय खारानं चिरलेले. वसंतरावांनी अंदाजाचं सांगितलं, तर म्हणाले, "पेपरातला पाऊस मिठावर न्हाय पडत."

खोपीत (झावळ्यांची झोपडी) बसून जेवलो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण, कैरीची फोड. हिराबाई वाढताना सांगत होती की सुरेश मीठ सोडून घरी बसा म्हणतो, पण म्हातारा ऐकत नाही.

हात धुवायला बाहेर आले आणि एकदम गार वाटलं. इतका वेळ भाजून काढणारा वारा पडला होता आणि वसईच्या बाजूनं दुसराच वारा येत होता; पाण्यावरून आलेला, थंडगार. मागे आभाळ काळंजांभळं होत चाललं होतं. पहिली गर्जना झाली आणि दामूभाऊ राशींकडे धावले. वसंतराव मागोमाग. दोघं राशींवर पेंढा आणि प्लास्टिक पसरू लागले. टपोरे थेंब आले, मग आडवा मार सुरू झाला. वसंतराव भिजून परतले.

"चला म्हटलं, तर ऐकत नाहीत. शेवटची रास राहिलीय म्हणतात."

खोपीच्या दारातून दामूभाऊ पुसट दिसत होते. चहूकडे सपाट पाणी, आणि त्यात उभा तेवढा एकच माणूस. हिराबाईनं दोन हाका मारल्या. वारा त्या उडवून घेऊन गेला.

"मरू दे त्याला त्या मिठात!" ती करवादली आणि पदर खोचून बाहेर पडली.

निम्म्या वाटेवर असेल. सगळं पांढरं झालं आणि त्याच क्षणी कानठळ्या बसल्या. दिपलेले डोळे सावरले, तेव्हा बांधावर कोणी उभं नव्हतं.

खोपीतल्या बाजेवर घालून वसंतराव आणि दामूभाऊंनी हिराबाईला रस्त्यापर्यंत आणलं. मी मागून धावत होते, तिच्याच चपला घालून. दवाखान्यात डॉक्टरांनी मनगट धरलं, डोळे पाहिले आणि मान हलवली. दामूभाऊंच्या हातांवरचं मीठ अजून पुरतं धुतलं गेलं नव्हतं.

तीन दिवसांनी सुनंदाला घेऊन खारीला गेले. आजूबाजूच्या इमारतींच्या सावलीत ते जुनं कौलारू घर होतं. दामूभाऊ ओटीवर बसले होते. 

"बाय, तुमी तिच्याजवल होता," ते म्हणाले. "भायेर पडताना काय बोलली?"

मी म्हटलं, "तुम्हाला आणायला जाते म्हणाली."

"चिडली व्हती ना?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मंग बराबर," ते म्हणाले. "चिडल्याबिगर कदी न्हाय आली माझ्यासाटी." आणि तोंड भिंतीकडे फिरवून रडू लागले.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं मी परतले. वाड्या-शेतांवरही वळीव पडून गेला होता. साताऱ्यापाशी लोक तापलेली हवा निवली म्हणून खूश होते. सांगलीत सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? मी इमारती सांगितल्या, मिठागर सांगितलं, वीज पडल्याचंही सांगितलं. एवढंच कोणाला सांगितलं नाही, दामूभाऊंनाही नाही, की हिराबाई दारातून बाहेर पडली तेव्हा तिचा हात माझ्या हाताला घासून गेला होता. तो धरता आला असता. मला विजेची भीती वाटत होती, म्हणून मी माझे हात जवळ ओढून घेतले.